काटेकाकांची फेरतपासणी

बाजारात त्यांना सगळे काटेकाका म्हणत. वजनकाटे दुरुस्त करतात म्हणून काटेकाका, हे एक कारण; बोलणं टोचतं म्हणून काटेकाका, हे दुसरं. पहिलं कारण ते स्वतः सांगत, दुसरं बाकीचे.

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. मध्ये दगडी फरशीचं टेबल, त्याच्या एका पायाखाली पत्र्याची चकती, कारण जमीन केसभर उतरती होती आणि ती उतरती आहे हे सगळ्या गल्लीत फक्त काकांना ठाऊक होतं. वजन करताना दार बंद आणि पंखा बंद. गिऱ्हाईक घामाने निथळत बाहेर उभं. कुणी कुरकुर केली की आतून आवाज यायचा, "वाऱ्याचं वजन धरायचं असेल तर उघडतो दार!"

काम करायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी परात पुसायची, वरून आणि खालून. मग रिकामा काटा शून्यावर उभा राहतो का ते बघायचं. मग पारखलेलं वजन मधोमध ठेवायचं आणि नंतर तेच वजन चारही कोपऱ्यांवर. पाचही वेळा उत्तर एकच आलं, तरच चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करून ती चिठ्ठी काट्याच्या पायाला बांधायची. एका कोपऱ्यानेही चुगली केली, तर काटा पुन्हा उघडा.

"एकदा खरं बोलला म्हणजे खरं बोलणारा झाला असं नाही," ते म्हणत. "काटा असो, नाही तर माणूस."

मापात पाप करणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. परातीखाली मेणाचा गोळा चिकटवणारे, पारड्याच्या साखळीत एक कडी जास्त ओवणारे, बोटाने हळूच दाबणारे. त्यामुळे घरी आलेली साखरसुद्धा डब्यात जाण्याआधी काट्यावर जायची. बायको त्यांना शंकासुर म्हणायची. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली," ती शेजारणीला सांगे, "चारही कोपरे तपासून झाले माझे, पण अजून चिठ्ठी काही बांधली नाही यांनी."

काकांचा जीव होता तो एका लाकडी पेटीत. आत मखमल, मखमलीत खळगे, आणि प्रत्येक खळग्यात आपापलं पितळी वजन. वीस ग्रॅमचं वजन फार वर्षांपूर्वी कुठे तरी घरंगळलं होतं. तो खळगा रिकामाच होता. त्या पेटीला हात लावायची परवानगी कुणालाही नव्हती, बायकोला तर मुळीच नाही.

एकदा काकांना एका दवाखान्यातून बोलावणं आलं. तान्ह्या बाळांचा काटा शंभर ग्रॅम कमी दाखवत होता आणि आयांचे चेहरे उतरत होते. काकांनी काटा उघडला, आतली स्प्रिंगची कमानी साफ केली, परात पुसली, चार कोपरे घेतले. दवाखान्याची डॉक्टरीण दारात उभी राहून बघत होती. तरुणच होती, काकांच्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल.

"काका, स्वतःला कधी असं तपासून घेतलंय?"

"मला काय धाड भरलीय?"

"वय किती?"

"चोपन्न."

"घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

काका चिठ्ठीवर खूण करत होते. पेन्सिल थांबली. "मोठा भाऊ. तीन वर्षं झाली. जिना चढताना गेला."

"किती वर्षांचे होते?"

"चोपन्न," काका म्हणाले, आणि चिठ्ठी बांधायला खाली वाकले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना सोडलं नाही. रक्तदाब घेतला, तो किंचित चढा निघाला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट समोर ठेवून म्हणाल्या, "कोलेस्टेरॉल ठीक आहे. पण सीआरपी जास्त आहे, चार पूर्णांक एक. तीनच्या वर गेलं की आम्ही कान टवकारतो."

"हे सीआरपी कोण?"

"रक्तातली एक खूण. शरीरात कुठे तरी सूज धुमसतेय, एवढंच ती सांगते. कुठे, ते सांगत नाही. कसं आहे काका, रक्तवाहिनीत चरबीचा थर बसतो. तो गप्प पडून राहिला तर माणूस वर्षानुवर्षं हिंडतो-फिरतो. पण तिथे सूज असली की थर आतून कच्चा होतो, एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद. तुमचा रक्तदाब, भावाचं असं अकाली जाणं, त्यात हा आकडा. मला वाटतं चालणं वाढवा, मीठ कमी करा आणि ही गोळी रोज एक घ्या."

"कसली गोळी?"

"कोलेस्टेरॉल कमी करायची."

काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि चांगली मोठ्याने चुकचुकली. "माझं कोलेस्टेरॉल ठीक आहे असं आत्ता तुम्हीच म्हणालात. आणि गोळी कोलेस्टेरॉलचीच?"

"ठीक आहे ते आणखी खाली आणायचं. आणि या गोळीने सूजही थोडी उतरते."

चांगला चालणारा काटा दुरुस्तीला ठेवून घ्यायचा, हा धंदा त्यांनी बाजारात पुष्कळ पाहिला होता. दवाखान्याला लागूनच औषधाचं दुकान होतं. तिथला माणूस डॉक्टरीणबाईंकडे बघून हसला, हेही त्यांनी टिपून ठेवलं.

"इथे पाणी मुरतंय," घरी आल्यावर ते म्हणाले.

"कुठे? न्हाणीत?" बायकोने विचारलं.

"दवाखान्यात! सूज म्हणे. कुठे आहे सूज? दाखवा म्हणावं!"

बायको त्यांच्या पोटाकडे बघून काही तरी बोलणार होती, पण गोळ्यांची पट्टी दिसली आणि गप्प झाली. दीर गेला तेव्हा जावेला सावरायला ती महिनाभर त्या घरी राहिली होती. एवढंच म्हणाली, "रोज जेवण झाल्यावर माझ्यासमोर घ्यायची."

काका रोज तिच्यासमोर गोळी काढत, तोंडाकडे हात नेत, घोट घेत. पट्टी एकेका घराने रिकामी होत होती. गोळ्यांच्या पाकिटातला तो घडीघडीचा कागद त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचला. कुणाकुणाला स्नायू दुखतात, असं त्यात लिहिलं होतं. चौथ्या दिवशी काकांचा खांदा दुखायला लागला.

"बघ! म्हटलं नव्हतं? गोळी बाधली."

"डॉक्टरीणबाईंना सांगू या मग."

"सांगू ना. पण पुराव्यानिशी सांगू."

बायकोसुद्धा काही कमी नव्हती. अठ्ठावीस वर्षं शंकासुराच्या घरात काढल्यावर डोळा आपोआप बारीक होतो. गोळी पोटात गेली तरी पेल्यातलं पाणी कमी होत नाही, हे तिला तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं. ती थांबली. मग एकदा त्यांची कामाची पिशवी खुंटीवरून काढून देताना आत काही तरी खुळखुळलं. पेटीतच. आणि मखमलीत घट्ट बसलेली वजनं वाजत नाहीत. काका अंघोळीला गेल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा ती पेटी उघडली. वीस ग्रॅमच्या खळग्यात पांढऱ्या गोळ्यांची रास होती. मोजल्या, सतरा. आज अठरावा दिवस होता, आणि आजची अजून व्हायची होती.

तिचे डोळे भरून आले, मग राग आला. तिने पेटी होती तशी मिटून ठेवली. पुरावा हवा होता ना? मग राहू दे पुरावा.

इकडे काकांचं वेगळंच चाललं होतं. त्यांच्या धंद्यात एका काट्याचा संशय आला की तोच माल दुसऱ्या काट्यावर चढवायचा. रक्ताचंही तसंच करायचं त्यांनी ठरवलं. गावाच्या दुसऱ्या टोकाची, कुणी ओळखीचं नसलेली प्रयोगशाळा शोधली.

त्याच आठवड्यात गोदामातला एक मोठा जमिनीवरचा काटा उघडताना त्यातली कमानी निसटली आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. अशा जखमा त्यांना रोजच्याच. फडकं गुंडाळलं आणि काम पुढे चालू. तीन दिवसांत अंगठा लाल झाला, टमटमला, ठसठसायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, ते दुसऱ्या टोकाला जाऊन रक्त देऊन आले. रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं, "ताप वगैरे काही आहे का?" काका म्हणाले, "तुम्ही रक्त घ्या. बाकीचं तुमच्या मशीनने सांगायचं."

रिपोर्ट हातात आला आणि काका रस्त्यातच थांबले. कोलेस्टेरॉल जवळजवळ तेवढंच होतं. सीआरपी मात्र तेवीस!

त्या दिवशी घरी येताना त्यांची चाल एखाद्या निरीक्षकासारखी होती. "चल," ते बायकोला म्हणाले, "तुला एक गंमत दाखवतो. एकाच पोत्याची दोन वजनं! एकीकडे चार, दुसरीकडे तेवीस. आता बघ कशी बोलती बंद होते बाईंची."

"चला," बायको म्हणाली. "तुमची पिशवी मी घेते. हात दुखतोय तुमचा."

दवाखान्यात काकांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडले आणि हात मागे बांधून उभे राहिले. "खरा कुठला ते सांगा. दोन्ही खरे असूच शकत नाहीत. आणि एक खोटा असेल, तर दुसऱ्यावर तरी का विश्वास ठेवायचा?"

डॉक्टरीणबाईंनी तेवीसचा आकडा बघितला. मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, "काका, हात पुढे करा."

"हाताचं काय मध्येच?"

"करा तर खरं."

काकांनी फडकं सोडलं. अंगठा मुळाशी पिकला होता, लाली मनगटाकडे सरकत होती. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "कधीपासून?"

"रक्त द्यायच्या आधी... चारेक दिवस."

"मग हे तेवीस या अंगठ्याचे आहेत. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, सीआरपी सूज आहे एवढंच सांगतो, कुठे ते नाही. दाढ दुखत असली, सर्दी-ताप असला, जखम पिकली, तरी तो उडी मारतो. दहाच्या वर गेला की तो आकडा हृदयासाठी आम्ही धरतच नाही. बरं वाटल्यावर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा घेतो. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. दुसरा नको त्या दिवशी घेतलाय, इतकंच."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद परत काकांकडे सरकवले. मग बायको म्हणाली, "म्हणजे परात न पुसता तोललंत की हो!"

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हजारो गिऱ्हाइकांवर ते ज्या गोष्टीसाठी डाफरले होते, तीच. आधी परात पुसा. आधी शून्य बघा. ते खुर्चीत बसले, पण हार मानली नव्हती. "ते असू दे. पण गोळीने माझा खांदा धरला त्याचं काय? रोज दुखतो."

"किती दिवस घेताय?"

"झाले की तीन आठवडे."

"अहो," बायको म्हणाली, आणि पिशवीतली पेटी काढून टेबलावर ठेवली.

"अगं, तिला हात..."

तिने झाकण उघडलं. खळग्यात आता बावीस गोळ्या होत्या. "न घेतलेल्या गोळीने खांदा दुखतो का हो डॉक्टर? मला मेलीला काय कळतंय, म्हणून विचारते."

काका गोळ्यांकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "न घेता एवढा दुखला. घेतली असती तर किती दुखला असता!"

डॉक्टरीणबाई हसू दाबायला खाली बघायला गेल्या आणि त्यांची नजर पेटीच्या झाकणावर गेली. आतल्या मखमलीची कड उसवली होती आणि घडी घातलेल्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. "हे काय? आणखी एक रिपोर्ट?"

"ते नाही," काका झटक्यात म्हणाले. पण बायकोने तोवर कागद ओढला होता. वर दिराचं नाव होतं. सगळे आकडे हद्दीत होते, आणि तळाशी लाल पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण. ती खूण ती शंभर माणसांत ओळखू शकली असती.

"ही तुम्ही केलीत?"

काकांनी सोडलेलं फडकं पुन्हा अंगठ्याला गुंडाळायला घेतलं. "दादा दुकानात आला होता. म्हणाला, बारक्या, जिना चढताना छातीत भरून येतं रे. हा रिपोर्ट दाखवला. तुला आकड्यांतलं कळतं, बघ म्हणाला. मी एकेक ओळ बघितली. म्हटलं, दादा, चोख आहे. पित्त असेल. आणि गमतीने खूण करून दिली. तो हसत गेला." ते थांबले. "तीन आठवड्यांनी गेला."

आपल्या नवऱ्याला मशीनचा आणि दवाखान्याचा एवढा राग का, हे तीन वर्षं बायकोला कळलं नव्हतं. आपण खूण केलेला कागद खोटा ठरला, तर तो कागदच लबाड होता, असं मानण्यावाचून त्यांच्याजवळ काय होतं?

"एक सांगा," काका म्हणाले. "त्याच्याही रक्तात ही सूज होती का?"

बाईंनी तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "यात ती तपासणीच नाही, काका. हो म्हटलं तरी माझं खोटं, नाही म्हटलं तरी खोटंच."

"अंदाज?"

"अंदाज नाही करणार. एक मात्र सांगते, वाईट वाटेल. जिना चढताना छातीत भरून येतं, हे त्यांचं बोलणं या सगळ्या आकड्यांपेक्षा वजनदार होतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं होतं."

बायकोला वाटलं, आता हे उठून जाणार. पण काका उठले नाहीत. बाईंनी 'हो' म्हटलं असतं तर ती गोळी विकायला सोपं गेलं असतं. त्यांनी म्हटलं नव्हतं.

"गोळीने नक्की वाचतो का माणूस?" काकांनी विचारलं.

"नक्की नाही. तुमच्यासारख्यांना, कोलेस्टेरॉल ठीक पण सूज जास्त अशांना, ही गोळी देऊन पाहिलेली आहे. त्यांच्यात झटके कमी आले. पण शंभर जणांनी वर्षानुवर्षं घेतली, तर थोड्यांचाच टळतो. ते थोडे कोण, मला सांगता येत नाही. आणि स्नायू दुखण्याचं खोटं नाही, काहींना होतं. झालं तर मला सांगायचं, पेटीला नाही."

"काटे उचलून दुखत असेल हो खांदा," बायको म्हणाली.

जखम साफ झाली, वेगळ्या गोळ्या मिळाल्या. त्या मात्र काकांनी मुकाट्याने घेतल्या, कारण बायको "जीभ वर करा" म्हणून तोंडात डोकावून बघत होती. लहान पोराच्या तोंडात बघावं तसं. तीन आठवड्यांनी, अंगठा पूर्ण बरा, सर्दी नाही, दाढ नाही, असं चारही बाजूंनी तपासून ते दवाखान्याच्या पहिल्याच प्रयोगशाळेत गेले. आकडा आला तीन पूर्णांक नऊ.

चार पूर्णांक एक आणि तीन पूर्णांक नऊ. काकांनी दोन्ही कागद दगडी टेबलावर ठेवून बराच वेळ बघितले. एवढा फरक चालतो, त्यांनी स्वतःशी म्हटलं. मशीन खरं बोलत होतं. खरं बोलत होतं म्हणजे सूजही खरी होती, आणि हे त्यांना जास्त जड गेलं. लबाड काट्याशी भांडता तरी येतं.

त्या दिवसापासून काका कोलेस्टेरॉलची गोळी घेऊ लागले. विश्वासाने नव्हे. प्रत्येक नवी पट्टी आली की त्यातली एक गोळी सोनाराच्या तराजूत जायची, आधीच्या पट्टीतल्या एका गोळीसमोर. संध्याकाळी चालून परत येताना ते छातीवर हात ठेवून जिना चढत आणि वर पोचल्यावर बायकोला सांगत, "काही भरून आलं नाही." ती विचारत नसे, तरी सांगत. आणि ती मान हलवून पेल्यातलं पाणी किती उरलं ते बघत असे.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलं होतं. सीआरपी दोन पूर्णांक तीन. बायको रिपोर्ट घेऊन दुकानात आली. दार बंद होतं, पंखा बंद होता, काका एका काट्याचा तिसरा कोपरा बघत होते. तिने थांबून चौथा होऊ दिला. मग कागद टेबलावर ठेवला आणि त्यांच्या कानामागची लाल पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.

"करा खूण. आले की आकडे जागेवर."

काकांनी कागद वाचला. पेन्सिलीचं टोक कागदाच्या तळाशी नेलं. मग पेन्सिल परत कानामागे खोचली.

"अजून तीन महिन्यांनी बघू," ते म्हणाले. "आणि हे बघ, मला कधी जिन्यावर काही झालं ना, तर हा कागद दाखवून मला गप्प बसवू नकोस. सरळ उचलून न्यायचं."

"उचलून? तुम्हाला?" बायको म्हणाली. "आधी वजन करावं लागेल."

काका हसले नाहीत. पण तिने कागद घडी करून पेटीत, दिराच्या कागदाशेजारी ठेवला, तेव्हा पेटीला हात लावू नकोस असंही म्हणाले नाहीत. वीस ग्रॅमचा खळगा रिकामा होता. तिने बोट घालून खात्री करून घेतली.